निरोगी नाकांचे किस्से

‘उद्या सकाळी सर्व कर्मचाऱ्यांचे नाकाचे स्वॅब घेतले जातील’ अशी चिठ्ठी नोटीस बोर्डावर लागली की रुग्णालयातून सगळ्यात आधी गायब होतात ते सर्जन. कोणाची अचानक जादा ओपीडी निघते, कोणाला बार्शीला व्हिजिटला जायचं असतं, कोणाचं नाक नेमकं आजच दुखत असतं. सिस्टर येतात, पण येताना बजावतात, “नाव नका लिहू हं मॅडम, नुसता नंबर टाका.” वॉर्डातले मामा खुर्चीत बसून डोळे गच्च मिटतात, जणू इंजेक्शनच द्यायचंय. मावशी तेवढ्या निर्धास्त. नाक वर करून विचारतात, “ह्यातनं सोनं निघालं तर अर्धं माझं, काय?”

सोनं खरोखरच निघतं. आम्ही ज्या जंतूच्या मागावर असतो त्याच्या नावातच सोनं आहे, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. प्रयोगशाळेतल्या प्लेटवर त्याच्या वसाहती सोनेरी-पिवळसर दिसतात म्हणून रोझेनबाख या जर्मन शल्यवैद्याने १८८४ साली त्याला हे नाव दिलं. आमच्या बोलण्यात तो नुसता ‘स्टॅफ’. ठणठणीत माणसाच्या नाकपुडीत, अगदी पुढच्या केसाळ भागात, तो निवांत राहतो. ना ताप, ना खोकला. त्याच माणसाचं बोट नाकाला लागून मग ऑपरेशनच्या टाक्यांना, सलाइनच्या सुईला किंवा काचेच्या पेटीतल्या बाळाच्या बेंबीला लागलं, की गोष्ट बदलते.

सोलापुरात मायक्रोबायोलॉजीच्या टेबलापाशी उमेदीची वर्षं गेली. त्या दिवसांतले हे किस्से. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. किस्से हसण्यासारखे असले तरी नाकं खरी आहेत, आणि त्या नाकांवर नोकऱ्या अवलंबून आहेत.

मेणबत्ती आणि चॉकलेट

सोलापूरच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाचा वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. सिव्हिल असो, नाहीतर सहकारी तत्त्वावर चालणारं अश्विनी किंवा मार्कंडेय. एका खाटेवर अक्कलकोटची आजी, शेजारी इंडीहून आलेले कानडी काका, पलीकडे पूर्वभागातलं तेलुगू बोलणारं विणकर कुटुंब. प्रत्येक पेशंटमागे दोन-तीन नातेवाईक, त्यांचे डबे, कडक भाकरी, शेंगाचटणी. या गर्दीत सिस्टर दिवसभर चार भाषा बोलत फिरतात. बोलताना, हसताना, ओरडताना घशातलं आणि नाकातलं काय काय बाहेर पडतं, ते आमच्या टेबलावर येऊन उगवतं.

पद्धत साधी. कापूस गुंडाळलेली निर्जंतुक काडी सलाइनमध्ये ओली करायची, दोन्ही नाकपुड्यांत हळूच फिरवायची, घशाची दुसरी घ्यायची. मग प्लेटवर रेघा मारायच्या. रक्त घातलेली लाल प्लेट वेगळी. तेच रक्त तापवून घातलं की प्लेट तपकिरी होते, तिला जगभर ‘चॉकलेट अगार’ म्हणतात. नवीन आलेला एक मामा फ्रीज उघडून बराच वेळ त्या गठ्ठ्याकडे बघत उभा होता. “डब्यावर चॉकलेट लिवलंय, वास मात्र येगळाच येतोय,” असं म्हणून त्याने दार लावलं. पुन्हा कधी आमच्या फ्रीजमधल्या कशाला हात लावला नाही.

काही जंतूंना हवेत जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो. मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी यंत्र असतं. नसेल तिथे काचेची मोठी बरणी, आत प्लेटा, वर पेटवलेली साधी पांढरी मेणबत्ती, आणि झाकण घट्ट. ज्योत आपोआप विझते तोवर आतल्या हवेत तीनेक टक्के कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस हे नाका-घशातले दोन रहिवासी एवढ्यावर खूश होतात. एका संध्याकाळी बरणीतली मेणबत्ती पेटवताना सफाईचा पोरगा दारात थबकला. “मॅडम, पूजा करायलाव का?” मी म्हटलं, “हो, जंतूंची.” तो चप्पल बाहेर काढून आत आला.

स्टॅफसाठी आणखी एक गुलाबी प्लेट असते, मीठ आणि मॅनिटॉल साखर घातलेली. इतकं मीठ बहुतेक जंतूंना सोसत नाही. स्टॅफ ते सोसतो, वर साखर आंबवून गुलाबी प्लेट पिवळी करून टाकतो. सकाळी इन्क्युबेटर उघडलं की पिवळ्या प्लेटा मोजायच्या आणि ओठ मिटून बसायचं. कारण बाहेर पहिला प्रश्न ठरलेला, “कोणाची निघाली?”

साधारण पाच निरोगी माणसांतल्या एकाच्या नाकात स्टॅफ कायम असतो. बऱ्याच जणांच्या नाकात तो येऊन-जाऊन असतो. उरलेल्यांकडे तो फिरकत नाही. काही भाडेकरू घर सोडायचं नाव काढत नाहीत आणि काही हंगामापुरते टेकतात, तसंच हे. म्हणूनच एका सकाळच्या स्वॅबवरून कोणाच्या नाकाची कुंडली मांडता येत नाही. सोमवारी पिवळी प्लेट देणारी सिस्टर पुढच्या महिन्यात गुलाबी प्लेट देऊ शकते. हे कितीही समजावलं तरी निकालाच्या दिवशी सगळे दहावीच्या रिझल्टसारखे घुटमळत असतात.

मे महिन्यातली सुटका

सोलापूरचा मे. पारा ४२-४३ च्या पुढे, वॉर्डात पंखा गरम हवा ढवळतोय. साधं इन्क्युबेटर तापवू शकतं, थंड करू शकत नाही. ३५ अंशांवर लावलेल्या पेटीत बाहेरच्या खोलीचीच हवा ४० ची झाली तर काटा खाली येणार कुठून? आमचा जुना टेक्निशियन म्हणायचा, “मॅडम, मशिनचा प्लग काढा. प्लेटा टेबलावर ठेवा. सोलापूर स्वतःच उगवून देतंय.”

त्याच्या विनोदाखाली खरी अडचण होती. स्टॅफमधला सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे एमआरएसए. मेथिसिलिन हे औषध १९५९-६० च्या सुमारास आलं आणि १९६१ मध्येच पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी इंग्लंडमधून त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफची नोंद केली. तो ओळखायला प्लेटवर सेफॉक्सिटिनची छोटी चकती ठेवतात आणि तिच्याभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ किती मिलिमीटर रुंद आहे ते मोजतात. ही परीक्षा ३५ अंशांच्या वर करू नये असा नियम आहे, कारण जास्त उष्णतेत जंतूचा हट्टीपणा लपतो. वर्तुळ मोठं येतं, आणि एमआरएसए साळसूद होऊन सुटून जातो. म्हणून उन्हाळ्यात थंडही करू शकणाऱ्या एकाच इन्क्युबेटरसाठी आमची ओढाताण चालायची. सिझेरियनच्या टाक्यांतला पू आधी, की कर्मचाऱ्यांची नाकं आधी? पू जिंकायचा, आणि तेच बरोबर होतं.

उन्हाळ्याचा दुसरा किस्सा नाकाच्या आतला. कोरड्या हवेने नाकपुडीतली त्वचा तडकते, खपल्या धरतात, कोणाचा घोळणा फुटतो. खपली धरली की बोट जाणारच. नाकात बोट घालायची सवय आणि नाकात स्टॅफ असणं यांचा संबंध रॉटरडॅमच्या संशोधकांनी २००६ साली रीतसर तपासून दाखवला. हा निष्कर्ष मी एका मीटिंगमध्ये सांगितला तेव्हा समोरच्या रांगेतले तीन हात एकदम खाली आले.

एक मावशी ड्युटीनंतर घरी विड्या वळायच्या. सोलापुरात हे नवल नाही. गल्लीगल्लीत बायकांच्या मांडीवर विड्यांचं सूप दिसतं. तंबाखूच्या धुळीने त्या सकाळी कामावर येतानाही शिंकत यायच्या. “सर्दी न्हाई मॅडम, तंबाखूचा खाट हाय.” त्यांचं खरं होतं, पण शिंक ती शिंकच. कारण जंतू असो की धूळ, नाकातला ऐवज हवेत जातोच. मी त्यांना रजा घ्या म्हटलं नाही. बाळांच्या खोलीत मास्कशिवाय जाऊ नका, एवढंच म्हटलं. त्यांनी विचारलं, “आन् डाक्टर लोकानी?” मी म्हटलं, “त्यांनीही.” “मग तुमीच सांगा त्यास्नी,” म्हणून बादली उचलून त्या गेल्या.

शेक्सपिअर ऐकणाऱ्या प्लेटा

बोलण्यातून जंतू उडतात हे कोणी शोधलं याचा किस्सा मी नव्या बॅचला नेहमी सांगायचे. १८९७ च्या सुमारास ब्रेस्लाऊचे कार्ल फ्लुग्गे यांनी दाखवलं की साधं बोलतानाही तोंडातून बारीक थेंब उडतात आणि त्यांत जिवंत जंतू असतात. त्याच शहरातले सर्जन मिकुलिच त्याच वर्षी तोंडाला जाळीचं कापड बांधून ऑपरेशन करू लागले. पुढे लंडनच्या पार्लमेंटमध्ये खेळत्या हवेची तपासणी करायची होती. तेव्हा मर्व्हिन गॉर्डन या शास्त्रज्ञाने लाल रंगाच्या वसाहती करणाऱ्या जंतूच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि रिकाम्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभं राहून शेक्सपिअर म्हटला. श्रोते म्हणून सभागृहात ठिकठिकाणी प्लेटा मांडलेल्या. दुसऱ्या दिवशी दूरच्या बाकांवरच्या प्लेटांतही लाल ठिपके. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, तो जंतू वाटला तेवढा निरुपद्रवी नाही हे नंतर कळलं.

आमच्याकडे शेक्सपिअर नव्हता, वॉर्डातले मामा होते. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांना पुढे बोलावलं. रक्ताची प्लेट तोंडापासून वीतभर अंतरावर धरली आणि म्हटलं, खोका. मग मास्क लावून दुसऱ्या प्लेटवर खोका. दुसऱ्या दिवशी पहिली प्लेट ठिपक्यांनी भरलेली, दुसरीवर तुरळक. ते बहुतेक तोंडात नेहमी असणारे साधे जंतू, घाबरण्यासारखं काही नाही. पण मामांनी दोन्ही प्लेटांचा मोबाइलवर फोटो काढला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे माझं तोंड.’ त्या फोटोने केलेलं काम माझ्या पन्नास स्लाइड्सना कधी जमलं नव्हतं. मावा थुंकायला मास्क हनुवटीवर ओढणं मात्र थांबलं नाही.

वारीहून आलेली सर्दी

पावसाळा सुरू झाला की आषाढी. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे आरोग्य खात्याच्या कितीतरी डॉक्टर-सिस्टरांची ड्युटी वारीच्या वाटेवर लागते. लाखोंच्या गर्दीत पाय दाबायचे, गोळ्या वाटायच्या, ओआरएस पाजायचं. परत येतात ते कपाळाला बुक्का आणि बसलेला घसा घेऊन. त्यानंतरच्या आठवड्यांत वॉर्डात नाक ओढण्याचे आवाज वाढायचे. कोणी मान्य करायचं नाही. “ॲलर्जी आहे”, “रात्री एसीत होते”, “पावसात भिजलो”. इन्फ्लुएन्झाचं नाव काढलं की सगळे हसायचे.

आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम हिवाळ्यात नसून पावसाळ्यात असतो. जूनपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. थंडीच्या शेवटी कधीकधी दुसरी लहान लाट येते. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला, तोही भर पावसाळ्यात. त्यामुळे रुग्णालयातल्या लोकांनी फ्लूची लस पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये घ्यायची असते. अमेरिकेतले लेख वाचून दिवाळीच्या सुमारास लस मागवणारे आमच्याकडेही होते. तोवर गणपती उठून लाट ओसरलेली असायची.

आपल्याला काहीच झालं नाही असं म्हणणाऱ्यांचं काय? ग्लासगोच्या रुग्णालयांत १९९३-९४ च्या फ्लूच्या हंगामाआधी आणि नंतर कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं. २३ टक्के लोकांना त्या हंगामात फ्लूचा संसर्ग होऊन गेला होता. त्यांतल्या ५९ टक्क्यांना आपल्याला फ्लू झाल्याचं आठवत नव्हतं, आणि २८ टक्क्यांना तर कुठलाही श्वसनाचा आजार झाल्याचंच आठवत नव्हतं. म्हणजे ते कामावर होते, पेशंटजवळ होते, आणि मनाने पूर्ण निरोगी होते. हे आकडे मी एका वरिष्ठ डॉक्टरांना दाखवले. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचले आणि नाक पुसत म्हणाले, “स्कॉटलंडची हवाच तशी.”

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती एका नाकात दोन जंतू एकत्र आले तर काय होतं याची. अमेरिकेतल्या एका सर्जिकल आयसीयूत एमआरएसएचे पेशंट वाढू लागले. शोध घेत घेत सुई एका डॉक्टरपाशी थांबली. त्याच्या नाकात एमआरएसए होता, पण एरवी तो फारसा पसरत नव्हता. त्याला सर्दी झाली की पसरायचा. शेरर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी मग त्याच्या संमतीने त्याला सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसची लागण करून पाहिली. हवेत उडणाऱ्या स्टॅफचं प्रमाण सर्दीआधीपेक्षा चाळीसपट झालं. मास्क लावल्यावर ते बरंच उतरलं. १९९६ साली छापून आलेल्या त्या लेखाने अशा माणसाला ‘ढग सोडणारा प्रौढ’ म्हटलं. त्याआधी १९६० मध्ये नवजात बाळांच्या बाबतीत अशीच ‘ढगाळ बाळं’ सापडली होती.

ऋतूंचं सगळं गणित इथे सुटतं. स्टॅफ बारमाही आहे, त्याला सोलापूरचा उन्हाळा काय आणि पावसाळा काय. सर्दीचे विषाणू हंगामी आहेत. वर्षभर गप्प बसलेला जंतू हंगामी सर्दीच्या पाठीवर बसून बाहेर पडतो. तेव्हा कोणाच्या नाकात काय आहे हे विचारण्यापेक्षा, आज कोणाचं नाक गळतंय हे विचारणं जास्त शहाणपणाचं. पहिल्या प्रश्नाला प्लेट, चकती आणि दोन दिवस लागतात. दुसऱ्याला डोळे पुरतात.

गड्डा आणि घरची पोरं

संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वज, होम मैदानावरचा गड्डा, पाळणे, धूळ, आणि सोलापूरच्या थंडीत रात्री उशिरापर्यंत फिरणारी पोरं. महिन्याच्या शेवटी मुलांच्या वॉर्डात छातीत घरघर असलेली बाळं वाढतात. अशाच एका जानेवारीत आमच्या प्लेटांवर एका सिस्टरच्या घशातून न्यूमोकॉकस उगवला. हिरवट छटेच्या, मधे खळगा पडलेल्या त्याच्या वसाहती ओळखीच्या. ऑप्टोचिनची चकती ठेवली, भोवती स्वच्छ वर्तुळ. शंका उरली नाही.

सिस्टर घाबरल्या. “मला निमोनिया होणार का? बाळांना माझ्याकडून लागलं का?” मी उलट विचारलं, घरी लहान कोण आहे? दोन वर्षांची मुलगी, शेजारच्या पाळणाघरात जाणारी, बारा महिने नाक वाहणारी. न्यूमोकॉकसचं खरं माहेर लहान मुलांचं नाक. मोठ्या माणसांत तो कमी सापडतो, आणि घरात लहान मूल असेल तर जास्त. रुग्णालयातून घरी जंतू नेण्याची भीती आपण रोज ऐकतो. इथे घराने रुग्णालयाला दिलं होतं. सिस्टर क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या पोरीनं मला हे दिलं, आणि ड्युटीवर रोज बोलणी मीच खाते!”

बाळंतपणाच्या वॉर्डात अशाच घशातल्या पाहुण्याने एके काळी हजारो बायका मारल्या. बाळंतज्वर करणारा स्ट्रेप्टोकॉकस येतो कुठून, यावर दशकानुदशकं भांडणं झाली. १९३५ साली डोरा कोलब्रूक या डॉक्टरबाईंनी लंडनमध्ये आईच्या जखमेतला जंतू आणि आसपासच्या माणसांच्या नाका-घशातला जंतू यांच्या जाती ताडून पाहिल्या. त्या जुळत होत्या. कधी सुईणीशी, कधी डॉक्टरशी, कधी आईच्या स्वतःच्या घशाशी. ठणठणीत माणसं, कोणाच्याही तक्रारी नाहीत. हात धुणं सेमेलवाइसने १८४७ मध्येच शिकवलं होतं. तोंडही झाकायला हवं, हे डोराबाईंच्या कामाने पक्कं झालं.

‘पॉझिटिव्ह’ म्हटल्यावर

२०२० च्या एप्रिलनंतर ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा सोलापुरात वेगळाच धसका बसला. सुरुवातीला नमुने पुण्याला जायचे, निकाल येईपर्यंत गल्ली सील व्हायची. लक्षणं नसलेल्या सिस्टर पॉझिटिव्ह निघाल्या की घरमालक दारात उभा. डॉक्टर-सिस्टरांवर होणारे हल्ले आणि हेळसांड थांबवायला केंद्राला त्याच महिन्यात साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली. त्यानंतर कोणाच्याही नाकात काडी घालताना आधी दहा मिनिटं समजावण्यात जायची, “ही ती टेस्ट नाही. गल्ली सील होणार नाही.”

भीती आम्हा लॅबवाल्यांमुळेही वाढते. मानांकनाची तपासणी जवळ आली की वरून निरोप येतो, सगळ्यांचे स्वॅब घ्या आणि रिपोर्ट स्वच्छ पाहिजेत. एकदा टेक्निशियनने शांतपणे विचारलं, “स्वच्छच पाहिजेत तर कोऱ्या प्लेटा दाखवू का?” साथ किंवा उद्रेक नसताना सरसकट सगळ्या कर्मचाऱ्यांची नाकं तपासून फारसं साधत नाही, असंच जगभरचं मत आहे. उद्रेक असेल तेव्हा तपासणी, आणि सापडला तर पाच दिवस दिवसातून दोनदा नाकात म्युपिरोसिनचं मलम. तो जातो, पण अनेकांकडे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो. उठसूट मलम लावलं तर मलमालाही तो दाद देईनासा होतो.

जंतू बाळगणं म्हणजे तो पसरवणं नव्हे, हे पटवायला मी सेवाग्रामचं उदाहरण द्यायचे. वर्ध्याजवळच्या कस्तुरबा रुग्णालयात ७२६ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, ती २००५ साली ‘जामा’ या नियतकालिकात आली. जवळपास निम्म्यांच्या शरीरात क्षयाचा संसर्ग झाल्याची खूण होती. पण हे सगळे खोकत नव्हते. त्यांच्यातला जंतू झोपलेला होता आणि झोपलेला क्षय दुसऱ्याला लागत नाही. त्यांना कामावरून काढायचं ठरलं असतं तर रुग्णालयच बंद पडलं असतं. खरी दुरुस्ती होती खिडक्या उघडण्याची, खोकणाऱ्या पेशंटला वेळेत ओळखण्याची.

नाकातले सगळेच शेजारी वाईट नसतात हेही हळूहळू कळलं. २०१६ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांना नाकातल्याच एका स्टॅफबंधूने, लुग्डुनेन्सिसने, तयार केलेलं प्रतिजैविक सापडलं. ज्या रुग्णांच्या नाकात हा बंधू होता त्यांच्यातल्या सुमारे ६ टक्क्यांमध्येच ऑरियस आढळला. नव्हता त्यांच्यात सुमारे ३५ टक्क्यांमध्ये. हे मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी तात्पर्य काढलं, “म्हंजे नाकातबी भावकी हाय.”

खाडा

शेवटी जे काम झालं ते लॅबमध्ये नाही, मेट्रनच्या टेबलावर. पावसाळ्यात एका आठवड्यात नवजात बाळांच्या खोलीत दोन-तीन बाळांना त्वचेवर पुळ्या आल्या. बाळं बरी झाली. स्वॅब घेतले, निकाल यायला वेळ होता. मेट्रनबाई निकालाची वाट बघत बसल्या नाहीत. त्यांनी ड्युटीचा तक्ता काढला आणि विचारलं, “गेल्या आठवड्यात सर्दी कोणाकोणाला होती?” कोणी बोलेना. मग एकेकाला आत बोलावून विचारलं. बाहेर येणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात मास्क होता आणि चेहऱ्यावर अपराध.

कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच. कायम नोकरीवाल्या सिस्टरला आजारपणाची रजा होती, पण ती मागितली की तिच्या जागी दुसरी मिळत नव्हती, त्यामुळे मैत्रिणीच्या डोक्यावर डबल ड्युटी. कंत्राटी मामाला रजाच नव्हती. आला नाही तर खाडा, खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार कापला. त्याने नाकात झेंडूबाम लावून, वरून मास्क लावून ट्रॉली ढकलली होती. त्याच्या नाकात कोणता जंतू होता हे सांगायला मला दोन दिवस लागले असते. तो का आला होता हे सांगायला त्याला दोन वाक्यं लागली.

मेट्रनबाईंनी तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. नाक वाहत असलेल्या माणसाला बाळांच्या खोलीतून आणि आयसीयूतून बाहेर काढून त्या दिवसापुरतं केसपेपर, स्टोअर, नाहीतर लिनन मोजायच्या कामाला लावायचं, कारण न विचारता. आणि सर्दी सांगितली म्हणून कोणाचाही खाडा मांडायचा नाही, कंत्राटी असला तरी. दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांना ठेकेदाराशी बराच काळ भांडावं लागलं. आमच्या स्वॅबच्या फायली कपाटात जाड होत गेल्या, त्यांचा उपयोग झाला नाही असं नाही. पण सर्दी लपवणं जे कमी झालं ते फायलींमुळे नाही. पुढच्या पावसाळ्यात सकाळच्या हजेरीला मामा स्वतःच येऊन सांगू लागले, “बाई, नाक गळायलंय, मला आज चादरी मोजायला द्या.”

चादरी काय, सोलापुरात कधीच कमी पडत नाहीत.